कॅनाल स्ट्रीटवरची झाशीची राणी

नाही नाही, बस तू राजा, उठू नकोस — आणि ते नाव पुन्हा तोंडातून काढू नकोस. जोन काय नि फोन काय! हळू बोल. ती आत्ता पुतळ्याच्या मागे गेलीय, पुढून दिसली की आपण हवेबद्दल बोलायचं, कळलं? — आली. हो ना, काय उकडतंय बुवा तुमच्या न्यू ऑर्लिन्सला, आमची रत्नागिरी परवडली — गेली.

तर ती माझी विहीण, सरलाबाई. माझा विवेक इथे तेलाच्या कंपनीत — तेलाचे भाव पडल्यापासून हसत नाही तो — आणि तिची उत्तरा माझी सून. ती आली लेकीच्या बाळंतपणाला. मी? मी आपला फुकटचा. सव्वा महिना झाला, मायलेकरं मोकळी झाली, म्हणून आम्ही दोघं गाव बघत हिंडतो. फ्रेंचांनी वसवलेलं गाव, कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी उभा आहेच. त्या पलीकडच्या बागेत घोडा उधळून टोपी उंचावणारा जनरल आहे ना — तिनं विचारलं, कुणाला नमस्कार करतोय हो? म्हटलं, मला, मी मुलाचा बाप! हसली. हसते ती, तेच वाईट, मला चेव येतो. विहिणीची थट्टा नाही करायची तर कुणाची करायची? मग काल इथे आलो. सोन्याचा घोडा, सोन्याची बाई, अंगात चिलखत, बाजूला तोफा — म्हटलं, ओळखलंत का? अहो, झाशीची राणी! इंग्रजांशी लढली म्हणून अमेरिकेनं बसवली, ह्यांचंही त्यांच्याशी वैरच. 'मग पाठीवरचा दामोदर कुठाय?' — मॅट्रिक आहे हो ती, मी आपला सातवी. म्हटलं, इथे कायदा कडक, मूल पट्ट्यानं बांधल्याशिवाय मोटारीत बसवत नाहीत, घोड्यावर कोण बसवू देतंय! 'आणि हातात झेंडा?' — इथे जिंकलेली दाखवलीय. मान डोलावली तिनं! मागे खऱ्या नावाची पाटी आहे, तिच्यापुढे मी ढेरी काढून उभा राहिलो.

घरी गेलो नि इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना फोन लावले. आज संध्याकाळी जेवायला येणारेत सगळे — म्हटलं, विहीणबाईंना झाशीचं विचारा नि मजा बघा. सकाळी तीच म्हणाली, पुन्हा जाऊ या राणीकडे. मी कॅमेऱ्यात नवं रीळ भरलं — आली. ढग भरलेत, नाही? — गेली.

फोटो? नाही रे काढला. तिच्या पिशवीतून खण निघाला. मग नारळ, मग तांदूळ. ओटी, रे. तिनं! तुला काय कळणार, तू इथे वाढलेला... कळतं? मग ऐक. तिचा नवरा जाऊन किती वर्षं झाली. इथे उत्तराचं डोहाळजेवण केलं, मंडळातल्या झाडून साऱ्या बायकांनी ओटी भरली, आणि सख्खी आई आत नारळ खवत उभी. कुणी म्हटलं नव्हतं आत उभ्या राहा — म्हणावं लागत नाही. आणि मी दारातून ओरडलो, 'विहीणबाई, पुतळा झाला की तुमचा!' सगळे हसले. तीही हसली.

तर ओटी ठेवली राणीपुढे. चौथऱ्याला कुंकू लावलं, तिथवरच हात पोचला. आणि म्हणाली, 'हीसुद्धा माझ्यासारखीच. पण बघा कशी बसलीय.' आणि तेच बोट — तेच, रे — स्वतःच्या कपाळाला. मी कॅमेरा डोळ्याला लावलेला. हसायला तोंड उघडलेलं, ते तसंच राहिलं. मग ती निघाली प्रदक्षिणेला, आणि मराठी ऐकून तू पुढे आलास, कुठल्या त्या श्रूजबरी गावचा, छातीवर कॉन्फरन्सचा बिल्ला लावून — 'काकू, ही तर'!

आता सांग. खरं कळलं तर ती पहिल्यांदा काय करील? पदरानं कपाळ पुसेल. नाही सांगितलं, तर संध्याकाळी ती सगळी जेवता जेवता विचारणार, ही भोळेपणानं सांगणार, आणि ते फिदीफिदी... मीच शिकवून ठेवलंय ना! — काय म्हणतोस? हिचं लग्नच नव्हतं झालं? आणि जाळली? एवढीशी पोर? आणि मग सोनं लावलं होय.

थांबली. इकडेच येतेय. नीघ तू. नाही, तू नको सांगूस — मलाच सांगू दे. जा म्हणतो ना! जा!

या विहीणबाई, टेका जरा. तो? गेला, काम होतं त्याला. अहो, ती ना... ती आपली राणी नाही हो. फ्रेंचांची कुणी जोन नावाची पोर आहे, मी आपलं थट्टेत — आणि मंडळात सगळ्यांना — अहो नका, पदराला हात नका लावू, पुसू नका, पाया पडतो — काय? घाम? घाम पुसताय होय...

पाटी? कधी वाचलीत? पहिल्याच फेरीत? मग ह्या बाकीच्या फेऱ्या...

मी? आत्ता? एवढ्या लोकांत प्रदक्षिणा?

बरं. चपला इथेच काढू ना?