नवे बूट

दीर : वहिनी, आत तरी येऊ दे.

वहिनी : उंबऱ्याबाहेरच थांबा, भाऊजी. आधी सांगा, हे बूट कुणी दिले?

दीर : ज्यांनी बोट उडवली, त्यांच्याच जहाजावर मिळाले. माझ्या चपला बोटीबरोबर गेल्या.

वहिनी : चपला गेल्या, बोट गेली, तुमचे दादा गेले. तुम्ही मात्र नवे बूट घालून विमानानं परत. गल्लीत काय बोलतात, ऐकलंत?

दीर : न ऐकता कळतंय. टॅक्सीवालासुद्धा आरशातून बघत होता.

वहिनी : बघणारच. त्या जहाजवाल्यांचा साहेब टीव्हीवर छाती फुगवून सांगतो, बोटीत गर्दची पोती होती म्हणून वरून उडवली. मग पोतीवाल्याला बूट घालून घरी कोण पाठवतं? काय कबूल करून आलात?

दीर : काही नाही.

वहिनी : भावाला चोर ठरवून सुटलात. सासूबाई असं म्हणायच्या नाहीत, मी म्हणते. तोंडावर म्हणते.

दीर : म्हण. पण ऐकून घे. इंजिन बंद पडलं होतं, नुसते वाहत चाललो होतो. वर ते उडतं यंत्र दिसलं तर दादा खूश! सदरा काढून हलवायला लागला.

वहिनी : कशाला?

दीर : मदतीला! समुद्रात कुणी सदरा हलवला की वैरीसुद्धा थांबतो, त्यानंच शिकवलेलं मला. म्हणाला, "मोठ्या लोकांचं दिसतंय, दोरही जाडजूड टाकतील."

वहिनी : ...हे त्यांचंच बोलणं. तुम्हाला असं रचता यायचं नाही.

दीर : वरून बॉम्ब पडला तेव्हा मी मागे इंजिनापाशी होतो. पाण्यात फेकला गेलो, म्हणून उरलो.

वहिनी : आणि जहाजावर? काय काय विचारलं?

दीर : पायाचं माप.

वहिनी : चेष्टा नको, भाऊजी.

दीर : तुझी शपथ. बोटीत काय होतं, दादाचं नाव काय, काही नाही. मीच सांगायला लागलो तर दुभाषी म्हणाला, "गरज नाही."

वहिनी : एवढे गुन्हेगार होतात, तर खटला का नाही भरला?

दीर : न्यायाधीश म्हणाला असता, पोती दाखवा. काय दाखवणार? आमचा मासळीचा बर्फ?

वहिनी : म्हणजे दया नव्हे ती.

दीर : दया कसली! नको असलेलं सामान घरपोच केलं.

वहिनी : वकीलबाई म्हणतात, भर समुद्रात असं मारणं जगाच्या कुठल्याच कायद्यात बसत नाही. मी म्हटलं, बाई, त्या टीव्हीवरच्या पैलवानाला समन्स नेऊन देणार कोण? तर म्हणाल्या, ते पुढचं पुढे, आधी डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवा. उद्या येतायत. बोलाल?

दीर : त्या विचारतील ना?

वहिनी : नाही विचारलं तर मी विचारीन. आणि कुठे अडखळलात, तर संशयही मीच घेईन. सुरुवात तुमच्या दादांच्या नावापासून करायची. पूर्ण नावापासून.

दीर : करतो. हे बूट फेकून देऊ?

वहिनी : मुळीच नाही. बाईंना दाखवायचेत, राहू देत तिथेच. तुम्ही आत या. कोपऱ्यात दादांच्या चपला आहेत, त्या घाला.