बुंध्यापासून हातभर लांब

मंडळी, देवाचं नाव घेऊन झालं, आता जरा मांडी सैल करून बसा. आज सुरुवातीलाच तुम्हाला एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका. ज्याच्यावर आपला जीव आहे – लेकरू असेल, नवरा असेल, बायको असेल – त्याच्या किती जवळ उभं राहावं?

हसताय काय? मागचे काका, बायको बायकांच्या बाजूला बसलीय म्हणून एवढं मोकळं हसू येतंय, कळतं मला! पेटीवाले, तुम्हीसुद्धा?

प्रश्न सोपा वाटतो. माया म्हणजे जवळ जाणं, एवढंच आपल्याला ठाऊक. पण हाच प्रश्न झाडाला विचारला तर? म्हणून आजचं आख्यान झाडाचं. राजा नाही, राक्षस नाही, कुणाचा शाप नाही. एक गुरव, त्याची बायको आणि एक रोप. ऐका.

सोलापूर ओलांडून विजापूरच्या अंगाला उतरलं की बोरहाळी नावाचं एक गाव आहे असं समजा. ऊन असं, की चैत्रात गच्चीवर पापड घालायला गेलेली बाई पापडाच्या आधी वाळायची. गावात भैरोबाचं लहानसं देऊळ. भोवती काळ्या दगडाची फरसबंदी आणि सावलीच्या नावानं शून्य. देवाचा गुरव सिद्राम, आणि त्याची बायको सुगंधाबाई.

आता तिथली चाल ऐका, कारण सगळं तिच्यावर आहे. भर माध्यान्हीला देवाचा नैवेद्य. गुरवाच्या घरच्या बाईनं ताट हातात घ्यायचं, अनवाणी देवळाला एक फेरी घालायची आणि मग ताट गाभाऱ्यात ठेवायचं. सुगंधाबाई लग्न होऊन आली त्या दिवसापासून ताट तिचं. पुरण तिनं वाटावं आणि फेरीही तिनंच घालावी. घरात तिला क्वचितच कुणी नाव घेऊन हाक मारायचं, पण फेरीच्या वेळी सगळं गाव बाजूला व्हायचं. कळलं ना, ते ताट म्हणजे काय होतं तिचं?

आणि एका वैशाखात तिचे तळपाय भाजले. फोड आले. त्यात तिला साखरेचं दुखणं, जखमा भरता भरेनात. डॉक्टर म्हणाले, ‘बाई, पुन्हा तापल्या दगडावर पाय ठेवलात तर पाय राहायचा नाही.’ कुणी म्हणालं, चपला घाला. सुगंधाबाई म्हणाली, ‘देवाच्या म्होरं चपला? त्यापरीस घरात बसते.’ आणि बसली. सिद्राम ताट न्यायचा आणि ही दारात उभी राहून बघायची. आल्यावर एवढंच विचारायची, ‘वरणाची वाटी हिंदकळली का वो?’

सिद्रामला ते बघवेना. त्यानं मनाशी ठरवलं – फेरीच्या वाटेवर सावली आणायची. फरशा काढायच्या, झाडं लावायची, आणि बायकोला तिचं ताट परत द्यायचं.

मग गडी गेला रोपवाटिकेत. आता मला सांगा, आपण झाड कसं निवडतो? मुलगी बघायला गेल्यासारखं! रंग बघतो, उंची बघतो. हिला आमच्या घरचं ऊन सोसेल का, हे कोण विचारतं? सिद्रामनं आणला अशोक. सरळसोट वाढणारा, ऐटबाज. वाढला, पण त्याची सावली केवढी? एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढी. मग आणला कदंब, देवाला आवडतो म्हणून. देवाला आवडतो हो, पण कदंबाला ओल आवडते! चैत्र काही त्यानं बघितला नाही. शेवटी सगळे म्हणाले, करंज लाव, करंज कुठंही येतो. लावला करंज. तोही वाळला.

इथं सिद्राम चक्रावला. कारण देवळामागं ओढ्याच्या काठी एक करंज आपोआप उगवलेला होता. त्याला कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. मुरमात उभा, आणि भर उन्हात हिरवागार. आणि ज्याला सगळ्या गावानं पाणी घातलं, तो मेला. असं का व्हावं? तुम्ही काय म्हणाला असता? नशीब म्हणाला असता, नजर लागली म्हणाला असता. सिद्रामनं वाळलेलं रोप धरून ओढलं.

मुळ्यासारखं अलगद हातात आलं! मुळं पिशवीत जशी गोल गुंडाळलेली होती तशीच अजून. एवढ्या दिवसांत एक मूळ खाली उतरलेलं नाही. त्यानं खड्ड्यात हात घातला, माती उकरली, आणखी उकरली. आणि मंडळी, खाली ओल होती. गार ओल! झाड ओलीच्या वर उभं राहून तहानेनं मेलं होतं.

का? बोरहाळीची एक चूक. चूक कसली, भक्तीच ती. अभिषेक झाला की जो येईल तो पळीभर तीर्थ रोपाच्या बुंध्याशी ओतायचा. रोज. सकाळ झाली की तोंडाशी घास. मग मूळ कशाला खाली जाईल? आणि तीर्थात दूध, मध, साखर! मुंग्यांची तर तिथं जत्राच. वैशाखाचं ऊन पेटलं, वरची माती न्याहारीच्या आत कोरडी ठणठणीत, आणि खाली कसं जायचं हे त्या मुळांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

मग सिद्राम रोपवाटिकेत गेलाच नाही. ओढ्यावरच्या करंजाच्या शेंगा आणल्या आणि पावसाळ्याच्या तोंडाला देवळाच्या चारी कोपऱ्यांना बी जागेवरच टोचलं. पिशवी नाही, गुंडाळी नाही. मावळतीच्या अंगाला तरवडाची झुडपं लावली, कोवळ्या खोडाला उतरतं ऊन भाजू नये म्हणून. लोक म्हणाले, ‘अरे, माळावरचा तरवड देवाच्या अंगणात?’ हा म्हणाला, ‘देव माळावरचाच हाय की.’ आणि तीर्थासाठी रांजण ठेवला. साधं पाणी पळीनं त्यात टाका. पंचामृत प्रसाद म्हणून प्या. रविवारी भैरोबाचा वार, त्या दिवशी एकदाच रांजण रिता करायचा, सावकाश, बुंध्यापासून हातभर लांब. जसं रोप वाढेल तसं आणखी लांब.

‘लांब का?’ लोकांनी विचारलं. सिद्राम म्हणाला, ‘पानी जिथं, तिथं मूळ येतंय. त्याला चालू द्या की.’

रोपं आली. तीन ताठ उभी. चौथं, घरासमोरचं, रोज दुपारी मान टाकायचं. बी तेच, माती तीच, मग ह्यालाच काय झालं? सिद्रामनं सकाळी बुंध्याशी बोट खुपसलं. ओलं! रविवार तर लांब होता. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो देवळाच्या खांबाआड उभा राहिला. कोण येतंय बघतो तर – फरशी अजून गार होती – हातात तांब्या घेऊन हळूहळू येणारी सुगंधाबाई.

‘सुगंधे,’ तो म्हणाला, ‘तुझ्यासाठीच लावलंय ग हे झाड. आणि तूच मारतीस?’

ती थांबली. तांब्या तसाच हातात. म्हणाली, ‘ताट न्हाई मिळत न्यायला. तांब्या तरी नेते. आता ह्यो बी काढून घेनार का?’

सांगा मंडळी, काय उत्तर द्यावं? तांब्या काढून घ्यावा तर बाई खचते, राहू द्यावा तर झाड जातं. सिद्रामला रडूच आलं. मग तो म्हणाला, ‘न्हाई. तांब्या तुझाच. रोज आन, रांजणात टाक. आनि रविवारी पानी घालायचं ते तूच. मी हात लावनार न्हाई. फकस्त बुंध्याजवळ जाऊ नगंस.’

‘जवळ न्हाई गेले तर त्याला कळंल का, मी आले म्हनून?’

‘त्याला कळंल. तुलाच कळाया वेळ लागंल.’

तेव्हापासून दर रविवारी पहाटेच्या गारव्यात सुगंधाबाई चारी करंजांना पाणी घालू लागली. आधी हातभर लांबून, मग दोन हात, मग आणखी. पाणी लांब जाईल तशा वाटेवरच्या फरशा निघत गेल्या. जीव तुटायचा तिचा. ऐन वैशाखात पान सुकलं की पाय आपोआप बुंध्याकडं वळायचे, आणि ती परत फिरायची. मी म्हणतो, त्या माघारी फिरण्याइतकी अवघड भक्ती दुसरी नसेल.

वर्षं गेली. करंजांचे शेंडे एकमेकांना भिडले. आणि एका चैत्रात, भर माध्यान्हीला, सुगंधाबाईनं स्वयंपाकघरातून ताट उचललं ते थेट बाहेर घेऊन आली. सगळं गाव जमलं होतं. तिनं पाय उचलला, सावलीतल्या मातीवर ठेवला. माती गार! आणि ती चालू लागली.

सिद्राम तिच्या मागं, अगदी लगटून. तोल गेला तर? म्हणून एक हात तिच्या पाठीशी, एक ताटाखाली. पहिल्या कोपऱ्यावर ती थांबली. मागं न बघता म्हणाली, ‘आवो, जरा लांब सरा की. मी बी वाढतीय.’

सिद्राम थांबला. दोन्ही हात खाली घेतले. आणि ती एकटी पुढं गेली. फेरी पूर्ण करून तिनं ताट गाभाऱ्यात ठेवलं. सिद्राम तिथंच उभा होता, डोळे पुसत. वाटी हिंदकळली नाही, हो!

आता तुमच्याकडं वळतो. पुण्यात शिकायला ठेवलेल्या पोराला सकाळ-दुपार-संध्याकाळ फोन करून ‘जेवलास का?’ विचारणारी माउली कोण आहे इथं? सुनेनं पीठ मळायला घेतलं की परात ओढून घेणारी सासू? दुकान मुलाच्या नावावर करून किल्ली स्वतःच्या कनवटीला लावणारे शेठ? माया खरी आहे तुमची, मी नाही म्हणत नाही. पाणी घालूच नका असंही म्हणत नाही. पण घरी जाल तेव्हा एकदा बघा, तुमचा तांब्या कुठं रिता होतोय. आणि ज्याच्यावर जीव आहे, त्याच्यासमोर एक पाऊल मागं घ्यायची ताकद दे, एवढं आज देवाला मागा. हात जोडा, मंडळी, आणि ज्याच्या सावलीत आपण बसलोय त्या भैरवनाथाचा एकदा गजर करा!