डाव्या हाताची कात्री

जळगाव स्टँडवर धुळ्याच्या बसला रांग होती. रूपलच्या पुढे एक बाप आणि त्याची लेक उभे होते; लेकीच्या हातात केस कापायची नवी कात्री. बापाचे पांढरे केस पार कॉलरवर आलेले.

"घरात आजोबाची कात्री शे ना? मग ही स्वस्तातली कशाला?"

"ती उजव्या हाताची, आप्पा. मी डावरी. डाव्यांची आत्ता कुठे परवडण्यासारखी निघालीय."

"आण इकडे. मिशीवर बघतो... हॅट्! एक केस कापत नाही. नुसता दुमडतो."

"तुमचा हात उजवा, आप्पा. आजोबाची माझ्या हातात केस अशीच दुमडते."





"बोहनी कोणाच्या डोक्यावर करशील?"

"येईल त्या गिऱ्हाइकाच्या."

"परक्याच्या नको. घरी गेल्यावर माझे काप."

"तुम्हाला कोणाचंच कापलेलं पसंत पडत नाही!"

"म्हणून तर एवढे वाढले."