एकच नाव दोनदा

काशीत, दुर्गाघाटाच्या गल्लीतल्या नव्या कॉम्प्युटरच्या दुकानात तीर्थोपाध्याय गुरुजी तिथल्या रुचीकडून आपल्या यजमानांची यादी साफ करून घेत होते. इंदूरहून आलेली वैदेही त्यांना शोधत आली आणि दाराशीच थांबली.

“वासुदेव दत्तात्रेय आठल्ये, इंदूर,” रुचीने पडद्यावरून वाचलं. “ डबल आहे, गुरुजी. एक काढते.”

“थांब, रुची! एक आजोबा, एक नातू. आपल्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात.”

“कॉम्प्युटरला आजोबा नसतात, गुरुजी. हे आजोबा हयात आहेत?”

“केव्हाच गेले.”

“मग काढू?”

“अगं, गेलेल्यांना काढलंस तर जिवंत माणसं माझ्याकडे येतील कशाला?”

“बरं. नातू तरी आहेत ना?”

“ठणठणीत! दिवाळीला पत्र होतं.”

“गुरुजी,” वैदेही म्हणाली, “बाबा गेल्या महिन्यात गेले. अस्थी घेऊन आलेय.”

गुरुजींनी वळून पाहिलं.

“दोघंही राहू देत, रुची. खाली तिसरं नाव लिही. बाळ, तुझं नाव काय?”