बैठं काम

(स्वयंपाकघर. टेबलावर गोळ्यांच्या दोन डब्या आणि घड्या उलगडून टेबलाएवढं झालेलं माहितीपत्रक.)

बायको : अहो, कागद उलटा धरलाय तुम्ही.

नवरा : सुलटा धरूनही एवढंच कळलं होतं.

बायको : द्या इकडे. नवी गोळी कुठली यातली?

नवरा : निळी डबी. नाही, थांब... पांढरी. निळी जुनी.

बायको : देवा रे! मग तीन दिवस घेताय कुठली?

नवरा : एकही नाही. ठरेचना.

बायको : ठरवायला काय लग्न आहे का? डॉक्टरांनी बदलून दिली, घ्यायची.

नवरा : अगं, जुनी घेतली आणि जेवण लांबलं की साखर खाली येते, हातपाय कापतात. नव्या गोळीनं तसं सहसा होत नाही म्हणे. पण लघवीला सारखं जावं लागेल, पाणी भरपूर प्या म्हणाले.

बायको : मग प्या. तांब्या काय लांब आहे?

नवरा : आणि जाऊ कुठे? क्रेनच्या केबिनमधून शिडीनं उतरायचं म्हणजे पाव तास. चढायला वीस मिनिटं. तोवर खालचे सगळे माझ्या नावानं शंख करणार. सकाळी चढलो की दुपारपर्यंत मी घोटभर पाणी पीत नाही. बावीस वर्षांत नाही प्यायलो.

बायको : हे डॉक्टरांना सांगितलंत?

नवरा : त्यांनी विचारलं, पाणी किती पिता? म्हटलं, भरपूर.

बायको : आणि काम काय करता, ते विचारलं असेल ना?

नवरा : विचारलं. म्हटलं, बैठं काम.

बायको : बैठं!

नवरा : बसलेलाच असतो की दिवसभर. खुर्ची आहे, दोन दांडे आहेत...

बायको : आणि खाली चाळीस मीटर हवा आहे! देवाच्या शेजारी बसता आणि तिथून खोटं बोलता?

नवरा : खरं सांगितलं असतं तर चिठ्ठी गेली असती कंपनीत. मला उतरवून गोदामात बसवतील. मला नाही जमणार गं जमिनीवर.

बायको : बरं, ते हातपाय कापले, ते कधी? मला तर काहीच बोलला नाहीत.

नवरा : झालं एकदा. मंगळवारी.

बायको : घरी?

नवरा : डॉक्टरांना घरी म्हणून सांगितलं.

बायको : मी डॉक्टर नाही.

नवरा : ...वर. त्या दिवशी जेवायला दोन वाजून गेले. सळयांची मोळी अधांतरी होती. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. दांडा सोडला, जिथल्या तिथं थांबवलं, खिशातली साखर तोंडात टाकली. दहा मिनिटं गेली असतील.

बायको : मंगळवारी? मंगळवारी तर गोट्या आला होता घरी. ताई, वारं सुटलं म्हणून भाऊजींनी माल वरच थांबवला, म्हणाला. इतका सावध माणूस अख्ख्या साइटवर नाही, म्हणाला. मी त्याला आणखी वाढलं त्या आनंदात.

नवरा : हं.

बायको : त्या सळयांखाली कोण होतं हो?

नवरा : इशारे देणारा जो असतो तोच.

बायको : माझा भाऊ.

नवरा : गोट्याच होता. मान वर करून हात दाखवत होता मला, सावकाश येऊ द्या म्हणून.

बायको : चष्मा घाला. दवाखाना सातला उघडतो.

नवरा : अगं, पण गोळी कुठली घ्यायची?

बायको : ते मला कळत नाही, तुम्हाला कळत नाही आणि तुम्ही जेवढं सांगितलंत तेवढ्यावर डॉक्टरांनाही कळायचं नाही. सगळं सांगा, मग विचारा. दोन्ही डब्या घ्या बरोबर.

नवरा : आणि गोदामात बसवलं तर?

बायको : तर पाणी तरी प्याल.

नवरा : चल. पण वाटेत गोट्याकडे दोन मिनिटं थांबू.

बायको : आता त्याच्याकडे काय?

नवरा : त्याला सांगायचंय, मंगळवारी वारा नव्हता.