दौलतची चाल

"हॅलो?… हॅलो, कोण?… हां, संचिता. बोल, बोल. आवाज तुटतोय गं तुझा… रिक्षात आहेस? निघालात ठाकुर्लीहून? इतक्यात? अगं, मंडळाचं मतदान पाचला ना? आत्ता कुठे सव्वातीन होतायत…"

श्रीपाद सर खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. टेबलावर कॅसेटची डबी होती. सकाळपासून त्यांनी ती चारदा उघडली होती आणि चारदा बंद केली होती.

"कॅसेट? आहे ना. इथेच, समोर… हो, तीच. वर माझ्याच अक्षरात लिहिलंय, मोरपीस बेंजो पार्टी, ठाकुर्ली, सत्त्याण्णव साल… अगं ऐक ना, संचिता, माझा टेपरेकॉर्डर चालत नाही. आतला पट्टा सैल झालाय… तू आणलास? शेजाऱ्यांचा?… बरं. बरं केलंस… पण टेपला बुरशी धरली असणार. सत्तावीस वर्षं म्हणजे… माजिवड्याला? टेपा धुऊन देणारा माणूस? असे लोक आहेत अजून?… हो. हो, फारच छान."

छान काहीच नव्हतं. स्वयंपाकघरात वासंतीबाई येणाऱ्या पाहुण्यांसाठी थालीपीठं लावत होत्या. त्यांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

"पंढरीने आणखी काय लिहिलंय मंडळाच्या ग्रुपवर?… वाच ना… 'एक बेंजो, दोन ढोलक्या आणि एक कॅसिओ, याला बँड म्हणायचं असेल तर'… तर काय?… 'आमच्या सोसायटीच्या लिफ्टलाही मानाच्या भिंतीवर जागा द्या.' हं. जीभ बरी चालते त्याची. पाचवीत होता तेव्हाही अशीच चालायची, ताल मात्र कधी सापडला नाही… नाही, तू उलट काही लिहू नकोस. तो ज्यांची बाजू घेतोय त्या रत्नदीप ब्रास बँडला मी नावं ठेवणार नाही. त्यांची क्लॅरिनेट ऐकलीये मी, अंगावर काटा येतो… हो, पण युनिफॉर्म बघून का भिंतीवर नाव लावतात? मंडळाच्या भिंतीसाठी नऊ बँड ठरले, आता दहावी पाटी एकच. ती द्यायची कोणाला, एवढाच प्रश्न आहे… बँड म्हणजे काय? मी वर्गात काय सांगायचो, आठवतंय का?… शाब्बास. जो वाजायला लागला की न वाजवणारा हातातलं काम विसरतो, तो बँड. आणि तुझे बाबा वाजवायला लागले ना, की हळद लावणाऱ्या बायकांचे हात तसेच हवेत राहायचे. नवरा बिचारा अर्धा पिवळा."

सर जरासे हसले. पलीकडून संचिता पुढचं वाचू लागली आणि त्यांचं हसू गेलं.

"काय?… पुन्हा वाच… 'मोरपीसची ती हळदीची चाल मुळात दौलतची नाहीच. ती सरांची चाल. अख्खी डोंबिवली लहानपणापासून तिला सरांची चाल म्हणते.' असं लिहिलंय त्याने?… आणि किती जणांनी अंगठा वर केला?… बावीस."

सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या क्लासात आलेलं प्रत्येक पोर पेटीवर पहिली तीच चाल शिकत होतं. सोपी सुरुवात, गोड वळण, आठ दिवसांत बोटांत बसायची. घरी गेल्यावर मुलं सांगायची, सरांनी शिकवली. मग आया म्हणू लागल्या, सरांची चाल. मग सगळेच म्हणू लागले. सरांना कोणी कधी विचारलं नाही, आणि सरांनी कधी आपणहून सांगितलं नाही.

"हो… हो गं, कळतंय मला. कॅसेट वाजली की पंढरी गप्प. म्हणून तर तुला ती हवी… काय? बाबा? तुझ्या शेजारी बसलेत? रिक्षात?… अगं, त्यांना कशाला एवढी दगदग! डावा हात उचलत नाही त्यांचा… हो, दोन वर्षं बेंजोची चावी दाबली नाही, माहीत आहे… काय म्हणाले?… स्वतःचं वाजवणं एकदा ऐकायचंय."

गॅलरीतून खालचं फाटक दिसत होतं. एक रिक्षा आली, थांबली, आणि कोणी दुसरंच उतरलं.

"कुठे पोचलात?… मानपाडा रोडला लागलात? म्हणजे दहा मिनिटं… संचिता, रिक्षा जरा बाजूला घ्यायला सांग… नाही, मला काही होत नाहीये. बीपीची गोळी घेतलीये… घेतली बाजूला?… आता मध्ये बोलू नकोस. वर्गात मी तुम्हाला म्हणायचो ना, आधी पूर्ण ऐका, मग बोट वर करा… हां.

"कॅसेटमध्ये बाबा नाहीत.

"नाहीत म्हणजे… पुसले गेले. मी पुसले… चुकून. पण माझ्याच हाताने… कॅसेटच्या कडेला एक छोटी प्लॅस्टिकची चिप असते. ती मोडून टाकली की त्याच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मी तुम्हा पोरांना घोकून घोकून सांगायचो, टेप भरली की आधी चिप मोडा. ही एक मोडली नव्हती. बाबा म्हणाले होते, पुढच्या रविवारी उरलेल्या जागेत आणखी एक चाल भरू. म्हणून ठेवली… आणि गुरुवारी मुलांची तालीम होती, स्नेहसंमेलनाची. कोरी कॅसेट सापडेना. पोरं ताटकळलेली, एकीचे बाबा दारात उभे. मी हाताला लागली ती घातली आणि बटण दाबलं… हो. 'सा रे ग म' आहे त्यात. पंचवीस मुलं, आणि मध्ये मध्ये मी ओरडतोय, खांदे सैल, खांदे सैल… शेवटपर्यंत ऐकली मी. दोन्ही बाजू. बाबांचा एक ठोकासुद्धा राहिला नाही."

पलीकडून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"संचिता?… आहेस ना?… सांगितलं का नाही? भीती वाटली गं. दुसरं काय सांगू? आधी वाटलं, रविवारी येतील तेव्हा पुन्हा भरून घेऊ. त्या रविवारी त्यांना लग्नाची सुपारी आली. मग ढोलकीवाला पार्टी सोडून गेला. मग मी विषयच काढला नाही… ती चाल मला पाठ होती, म्हणून म्हटलं निदान मुलांच्या बोटांत तरी राहू दे. राहिली. पण तुझ्या बाबांचं नाव तेवढं गळलं, आणि ते गळताना मी बघत बसलो… रागव. रागव तू, तुझा हक्क आहे… काय?… स्पीकरवर?

"कधीपासून?… सुरुवातीपासून?"

सर उभे राहिले. त्यांनी टेबल धरलं.

"दौलत?… ऐकलंस तू… हो. मीच रे… तू बोल ना काहीतरी. शिवी दे हवी तर…

"काय?… शेवटची उडी? खालच्या सा वरून थेट वर?… मुलांना नाही शिकवत. त्यांची बोटं पोचत नाहीत रे तिथवर, म्हणून मी मध्ये एक पायरी घातली… हो. बिघडवली. कबूल. तेही माझंच… पण मी वाजवतो तेव्हा उडी घेतो. शपथेवर सांगतो, दर वेळी घेतो…

"तू हसतोयस की खोकतोयस?… कळत नाही मला. संचिता, बाबा हसतायत का?… दोन्ही. बरं. रिक्षा निघू दे आता."

वासंतीबाई हात पुसत दारात आल्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि पाण्याचा तांब्या आणून टेबलावर ठेवला.

"पाचला? मंडळाच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर हेच सांगू?… ऐक दौलत, मी येईन. पण ओळखतो मी स्वतःला. तिथे समोर अर्धे माझेच विद्यार्थी असणार. पंढरी पहिल्या रांगेत. उभा राहिलो की मी काहीतरी गुळमुळीत बोलून खाली बसेन. सत्तावीस वर्षं तेच केलंय… म्हणून आत्ता. संचिता, तुझ्या फोनवर रेकॉर्ड होतं ना?… दाब… दाबलंस? लाल दिसतंय का काही?… बरं. थांब. पाणी पितो एक घोट.

"मी श्रीपाद वामन आगाशे. वय शहात्तर. राहणार मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व. जिला लोक सरांची चाल म्हणतात, ती माझी नाही. ती दौलत काळुराम म्हात्रे यांची, मोरपीस बेंजो पार्टीची. सत्त्याण्णव साली त्यांनी ती माझ्या घरी, माझ्यासमोर वाजवली. त्याचा पुरावा माझ्यापाशी होता, तो माझ्या हातून पुसला गेला. आणि मी गप्प राहिलो, कारण मला भीती वाटत होती. आत्ताही वाटतेय… मुलांनो, पहिला धडा आपण ज्यांच्याकडून घेतला त्यांचं नाव दौलत. पुढच्या मुलांना शिकवाल तेव्हा नाव आधी सांगा. बस्स… बंद कर.

"आलं का नीट?… लावून बघू नकोस, मला ऐकवणार नाही… पंढरी मानेल की नाही, कोण जाणे. बावीस जण काय म्हणतील, तेही ठाऊक नाही मला… कुठे आहात आता?… फाटकाशी?"

खाली खरंच रिक्षा उभी होती. एक पाय हळूच जमिनीवर टेकत होता, आणि संचिता एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने वडिलांचा खांदा सांभाळत होती.

"दिसलात. सावकाश आण त्यांना, दुसरी पायरी फुटकी आहे… आणि संचिता, ऐक. जिना चढायच्या आधी एक कर. आत्ता भरलंस ना, ते पुसलं जाणार नाही असं कर. दोघा-तिघांना पाठव. कोणाला?… पंढरीला? पहिला त्यालाच?"

सरांनी टेबलावरची डबी उघडली आणि पुन्हा बंद केली.

"हो. पाठव… नाही, थांब… नाही, नको थांबू. पाठव. गेलं?… गेलं.

"वासंती, तू राहू दे. दार मी उघडतो."