इतक्यात येऊ नकोस

— नाही, कॉफी घेतल्याशिवाय उठू देणार नाही, पण देवळात का येत नाही ते मात्र विचारू नका, पाळकसाहेब. विचारलंतच? बरं. त्या बाजूला नका बसू, तिथे गळतं. तुम्ही गावात नवे, तुम्हाला सांगितलं असेल लोकांनी — इना यार्नीचं, यार्नीच्या आईचं, डोकं फिरलंय, नवरा गेल्यापासून. फिरलं नाही हो. फिरलं असतं तर बरं झालं असतं.

आमचे हे, आमा यार्नी, यार्नीचे बाप, देवळाच्या मंडळीतले वडीलधारे होते, पाळक नसला की हेच उपदेश करायचे. उपदेश काय, एकच — तयार राहा, प्रभू सांगून येणार नाही. मी म्हणायची, अहो, तो येईल तेव्हा येईल, आधी डुकरांना रताळ्याचा पाला आणा! हसायचे. पण खरंच तयार असायचे — कुणाचा राग मनात घेऊन झोपायचे नाहीत. माझ्याशी भांडण झालं की आडवं व्हायच्या आधी विचारायचे, 'संपलं ना गं?' मी मुद्दाम गप्प. मग बसून राहायचे, डुलक्या खात, मी 'संपलं' म्हणेपर्यंत.

एक तेवढं संपत नव्हतं. धाकटा भाऊ, आमा देली. सासऱ्यांच्या मर्तिकाच्या जेवणात डुकराचा जबडा ह्यांना दिला — मानाचा वाटा तो — आणि धाकट्याला कुणी विचारलंच नाही. भर पंगतीत. चूक ह्यांची? नाही, वाटणाऱ्याची. पण आमा देली ताटावरून उठला तो उठलाच. किती वर्षं! एका देवळात बसायचे दोघं, एका कपातून प्रभुभोजन घ्यायचे, आणि बाहेर पडलं की दोन वाटा. शेवटी एक दिवस हे म्हणाले, 'दुसऱ्यांना तयार राहा म्हणतो, आणि माझाच भाऊ मला तोंड दाखवत नाही.' डुक्कर कापलं. चांगलं, पिल्लं देणारं — माझ्या जिवावर आलं हो. जबडा केळीच्या पानावर ठेवला आणि भावाकडे गेले.

हे शिडीखाली उभे, आणि तो म्हणाला काय वरून, खांबांवरच्या घराच्या खिडकीतून? — 'आज नाही, दादा.' एवढंच. हे पायरीवर बसले. पाऊस सुरू झाला, तरी बसले. मी धावत गेले, म्हटलं, चला घरी. म्हणाले, 'तू जा. तो उतरेल खाली.' मी वर तोंड करून ओरडले, आमा देली, तुझा दादा भिजतोय रे! तर त्यानं खिडकी लावून घेतली. आतून. मी पाहिली ती लागताना. जबडा कुत्र्यांनी नेला. ह्यांना शेजाऱ्यांनी उचलून आणलं, आणि त्या तापातून हे उठलेच नाहीत. जाताना चेहरा कसा होता माहितीय? हलका. 'माझ्याकडून संपलं,' म्हणाले. तुमचं संपलं हो! सगळं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून गेले.

काय? — क्षमा? आमा देली येतो की. दर रविवारी देवळातून सरळ इथे, खाली बसतो. पावसातसुद्धा बसतो. म्हातारा झालाय, छातीत घरघर आहे, त्याची सून मला हात जोडून गेली. मी दार उघडत नाही. मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? त्यानं जे केलं तेच मी करतेय, जसंच्या तसं. ह्यांच्याच घरात, ह्यांच्याच पायरीवर. मंडळी म्हणते, ये प्रभू, लवकर ये — ते माझ्या तोंडून निघत नाही, म्हणून मी देवळात येत नाही. मी काय मागते सांगू? इतक्यात येऊ नकोस म्हणते. तो म्हातारा जाईपर्यंत थांब. मग ये, मग काय करायचं ते कर माझं. — अशी कुणी प्रार्थना ऐकलीय तुम्ही, पाळक व्हायला शिकलात तेव्हा?

असे बघू नका माझ्याकडे. कॉफी निवतेय.

— थांबा. खाली कोण खोकलं? आज रविवार नाही. तुम्ही एकटे आलात ना? पाळकसाहेब, मी तुम्हाला विचारतेय, एकटे आलात ना?

आणलंत त्याला. पोराच्या वयाचे तुम्ही, मी तुम्हाला घरात घेतलं, आणि — नाही, दाराला हात लावू नका. नका म्हणते ना. मागच्या शिडीनं उतरा. त्याला सांगा... नाही. काही सांगू नका त्याला. जा तुम्ही.